तुझा आवाज नेऊ का?

बालाघाट, १७ ऑक्टोबर २०२५

दादा, जय भीम.

हे पत्र मी दसऱ्यापासून लिहीन लिहीन म्हणतेय. दीक्षाभूमीवरून परतताना गोंदियाच्या फलाटावर ‘प्रिय दादा’ एवढं लिहिलंही होतं. पण शेजारी एक म्हातारी थैलीत कोंबडा घेऊन बसली होती, मुंडकं बाहेर, बाकी सगळा आत, आणि तो कोंबडा येणाऱ्याजाणाऱ्याकडे तिकीट तपासल्यासारखा बघत होता. मी त्याच्यातच गुंतले. बालाघाटची गाडी लागली, कागद तिथंच राहिला. घरी आल्यावर रोज वाटलं आज बसू, आणि रोज वाटलं की तू वाचणार नाहीस.

तुझा जुना नंबर लागत नाही. पत्ता मिळाला तो असा: तू पाठवलेला नवा लॅपटॉप बाबांनी खोकं न फोडता परत केला, तेव्हा कुरिअरवाल्याच्या पावतीवरून मी तुझा रायपूरचा पत्ता तळहातावर उतरवला आणि हात धुवायच्या आधी कॅलेंडरच्या मागे. तेव्हापासून ते कॅलेंडर काढू दिलं नाही. आई म्हणते, “गेल्या सालचं काहून लटकवून ठेवलं पोरी, सन-वार कोठी पाहाचे?”

बाबांचं म्हणणं, पत्र लिहायचं तर पुस्तकासारखं लिहावं, म्हणून तसं लिहितेय. शाळा माझी हिंदीतली, तीही अर्धी. घसरले तर सांभाळून घे.

कामाचं असं की बाबांच्या कॉम्प्युटरचं काहीतरी ठरवावं लागणार आहे. डबा चांगला आहे, तू जोडलेला तोच. आतली विंडोज जुनी झाली. या आठवड्यात पडद्यावर सूचना आली की कंपनीनं तिची देखभाल थांबवली. बाबांना पडदा दिसत नाही, तेव्हा ती सूचना त्यांना मशीनमधल्या बोलणाऱ्या बाईनं वाचून दाखवली, इंग्रजीत, तिच्या त्या हिंदी तोंडानं. बाबांनी कानातलं काढून मला हाक मारली.

“रूपा, हे काय म्हणून राह्यली वं? सपोर्ट एंड. कोनाचा सपोर्ट एंड?”

मी म्हटलं, मशीनचा.

“बरं,” म्हणाले, आणि परत कानात घातलं.

तुला हे माहीत आहे, तरी लिहिते, कारण तू मागे काय ठेवून गेलास ते तुला आठवावं. साखरेनं डोळे गेले तेव्हा बाबा दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग तू ही मशीन जोडलीस. बटन दाबलं की अक्षर बोलून दाखवते, ओळ संपली की ओळ. वर्षभर तू त्यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसलास. मी तेव्हा कुठं होते ते विचारू नको, बहुतेक पचमढीला. परत आले तर बाबा आपल्या दंडारीच्या खेळाची गाणी स्वतःच्या हातानं लिहीत होते, आणि आई त्या बोलणाऱ्या बाईला सवत म्हणायला लागली होती. अजून म्हणते. “जेवाले उठवा त्याइले, सवतीनं धरून ठेवलं.”

आणि तू स्वतःचा आवाज टाकलास. मशीन चालू झाली की तू बोलतोस, “बाबा, जागी झाली. लिहा आता.” बंद होताना, “झालं बाबा. जेवा आता.” न दिसणाऱ्या माणसाला मशीन तयार आहे की नाही ते कळावं म्हणून. बाबा तुझं नाव घेत नाहीत. पण तो आवाज काढून टाक असं त्यांनी कधी मला म्हटलं नाही, हे तुझ्या माहितीसाठी.

आता बदलायचं तर काय मिळतं आणि काय जातं, ऐक. नव्या विंडोजला हा डबा चालत नाही, म्हातारा झाला म्हणते. नवा डबा तू पाठवशील, तोही दारातूनच परत जाईल. जुनीच ठेवावी तर चालेल, पण दारं उघडी टाकून झोपल्यासारखं. एकदा चोर येऊन गेलाच. उन्हाळ्यात सोंगाड्यांचे कागद छापायला पेनड्राइव्ह वारासिवनीला राकेशच्या झेरॉक्सच्या दुकानात गेला, तिथून रोग घेऊन आला. सगळ्या गाण्यांची नावं तीच, उघडलं की आत काही नाही. बाबांनी एकेका नावावर जाऊन बघितलं. गाणी मेली नव्हती, लपवली होती, मी ती काढून दिली. नागपूरला सीताबर्डीच्या एका दुरुस्तीच्या दुकानात मी होते ना, तिथं हा रोग रोज यायचा. माझं काम धूळ झाडायचं होतं, पण झाडता झाडता माणूस बघतोच.

तिथंच लिनक्स बघितली, विंडोजच्या जागी चालते ती. फुकट आहे, जुन्या डब्यावर हलकी चालते, हा पेनड्राइव्हचा रोग तिला लागत नाही, आणि कोणी इंग्रजीत धमकावत नाही. बोलणारा प्रोग्राम तिच्यातही आहे. मराठी अक्षरं त्याच बटनांवर. पण बोलणारी बाई नाही, दुसराच कोणी बोलतो, पिंपात तोंड घातल्यासारखा. आणि अक्षरं सोडून बाकीच्या खाणाखुणा, कुठलं बटन दाबलं की काय उघडतं ते, वेगळ्या. बाबा रेल्वेच्या छोट्या लाईनवर चाबीवाले होते, रूळ तपासत चालायचे. मशीनमध्येही ते तसेच चालतात, बोटांनी. इथून वळलं की फाइल, तिथून वळलं की गाणं. ती वाट नवीन ठिकाणी नाही.

राकेश म्हणतो, इतनी झंझट कशाला, फोनला बोला, फोन लिहितो. त्याला आपली दंडार माहीत नाही. निरोपाचं गाणं, म्हणजे खेळाचं शेवटचं, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत उभं राहून गाईपर्यंत शाहिराशिवाय, म्हणजे आता बाबांशिवाय, कोणी ऐकायचं नाही, ही आजोबांची रीत. सोंगाड्यांना आपापला कागद मिळतो, निरोपाचा कोणालाच नाही. नथ्थू काका इतकी वर्षं ढोलकीवर आहे, त्यालाही बाबा ताल मांडीवर बोटांनी वाजवून दाखवतात, शब्द सांगत नाहीत. आणि आपल्या भिंती तुला माहीत आहेत. फोनला सांगणं म्हणजे गल्लीला सांगणं. दार लावून, कानात घालून, त्या मशीनसमोर बाबा एकटे असू शकतात. दुसरीकडे कुठंच नाही, त्यांना तर संडासलाही कोणीतरी दारापर्यंत नेतं.

म्हणजे प्रश्न एवढाच की यापुढे बाबा आपलं आपण लिहू शकतील की नाही. बदलू की नको, तू सांग. तू जोडली आहेस.

लिफाफ्यावर माझं नाव टाकत नाही. तू उघडावास म्हणून.

रूपाली


२६ ऑक्टोबर

दादा,

उत्तर नाही. दिवाळीत टपाल तुंबतं, असं मी धरून चालले.

मी काही बदललं नाही, नुसतं बाबांना चाखायला दिलं. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन तिच्यावरून मशीन चालवता येते, जुनीला हात न लावता. बाबा पहिल्यांदा चालू करून बसले. बसूनच राहिले. मी म्हटलं, “झाली की चालू.”

“झाली? बोलली नाही.”

तुझा आवाज त्यात नव्हता ना. मग तो पिंपातला बोलायला लागला. आई दारात येऊन उभी.

“ही कोन आता?”

“बुवा आहे आई.”

“बरं झालं, सवत गेली. बुवा असन तं म्या बी बसन आयकाले.”

बाबांना हसू आलं, पण बोटं अडखळत होती. जुन्या खुणा दाबायचे आणि भलतंच काहीतरी उघडायचं. शेवटी हात मांडीवर ठेवून म्हणाले, “हे तं तू बडी लाईन करून राह्यली.”

मी म्हटलं, बडी लाईन झालीच ना, आता जबलपूरला सरळ गाडी जाते.

“जाते ना. मी कोठी नाही म्हनलं? छोटी लाईन उखडली तवा आमाले बी सांगलं, लवकर होते. किती साल मानसं बसनं फिरले? रूळ टाकला का गाडी आली, असं नसते पोरी. टेसन बदलते, सिंगल बदलते. नवीन चांगलंच हाय. पन मधातलं जे हाय, थे कोन भोगते?”

मी त्यांना नव्या खुणा सांगत बसले. थोडा वेळ. मग मला बसवत नाही, तू ओळखतोस.

त्यानंतर एक छोटी गोष्ट झाली. राकेश परसवाड्याला बॅनर पोचवायला चालला होता, मी म्हटलं येते, आणि गाडीवर मागे बसले. बाजार होता. तिथं एक माणूस बांबूच्या कामट्यांचे मासे धरायचे सापळे विणत होता. मासा आत जातो, बाहेर येत नाही, कारण कामट्यांची टोकं आत वळवलेली. मी त्याच्याजवळ बसून विणायला शिकले. तिरपा झाला माझा, पण मासा अडकेल. तो माणूस म्हणाला, “बाई, तेरे सापळे में से मछली हँसते हुए जाएगी.”

मी गोष्ट छोटी म्हटली. ती छोटी नाही. सापळ्याचं सांगून मी तिला फिरवत होते.

मी गेले तेव्हा पेनड्राइव्ह मशीनलाच लावलेला होता. बाबांनी दार लावलं आणि चालू केली. खुणा जमल्या म्हणे, बुवाचं बोलणंही कानाला बसलं. आणि निरोपाचं गाणं, जे उन्हाळ्यापासून त्यांच्यात नुसतं घोळत होतं, ते त्या दुपारी उतरलं. सगळं. त्यांनी ते नाव देऊन ठेवलं. बुवानं ठेवलं असं सांगितलंही. मग त्यांनी मशीन बंद केली. तशा पेनड्राइव्हवर काही टिकत नाही, दादा. धर्मशाळेसारखं असतं, माणूस निघाला की खोली झाडून टाकतात. हे मी बाबांना सांगणार होते. आल्यावर सांगू म्हटलं.

आले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. तू गेल्यापासून त्यांचा तसा चेहरा मी बघितला नव्हता.

“झालं वं रूपा. तुही बडी लाईन धावली.”

मी आत जाऊन शोधलं. शोधण्यासारखं काही नव्हतं, तरी शोधलं. आई पोळ्या करताना मधून मधून माझ्याकडे बघत होती. मग बाहेर येऊन बाबांना सांगितलं.

“सगळं?” म्हणाले.

“सगळं.”

“एक कडवं बी नाही?”

मी म्हटलं, तुम्हाला आठवत असेल ना बाबा, तुम्हीच केलं. ते म्हणाले, “लिवलं का मी सोडून देतो. धरून ठेवलं तं दुसरं येत नाही.” थोड्या वेळानं म्हणाले, “परसवाड्याले काही खाल्लं का तू?”

ओरडले असते तर बरं झालं असतं. मंडई पुढच्या आठवड्यात आहे.

रूपाली


६ नोव्हेंबर

दादा,

मंडई झाली. खैरलांजीकडच्या आपल्या गावातच, शाळेमागच्या त्याच पटांगणात. मी बाबांना ऑटोनं घेऊन गेले. पाळणे होते, जिलेबी होती, मौत का कुआँ पण आला होता, त्यात एक मुलगी हात सोडून मोटरसायकल चालवत होती. मी तिला विचारलं भीती वाटत नाही का, ती म्हणाली, “थांबले की वाटते.” जाऊ दे.

दंडार चांगली झाली. मैनाबाईचा नातू यंदा बाई झाला होता, पदर सावरून सावरून थकला. मग निरोपाची वेळ आली. बाबा नथ्थू काकाच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि जेवढं परत आलं होतं तेवढं गायले. जिथं आलं नव्हतं तिथं नुसता सूर. शब्दांची जागा मोकळी सोडायचे आणि पुढच्या ओळीवर जाऊन उभे राहायचे. नथ्थू काकाच्या लक्षात आलं असावं. त्या मोकळ्या जागांत तो ढोलकी अगदी हळू वाजवत होता, आजारी माणसाच्या खोलीत चालावं तशी. मी मागे बसून ऐकलं. काय गेलं ते मला कळलं नाही, कोणालाच कळणार नाही. किती गेलं ते कळलं.

खेळ संपल्यावर एक जण म्हणाला, “शाहीर, यंदाचा निरोप जबर झाला. मधात मधात शब्दच नाही. नवी पद्धत हाय का?”

“हौ,” बाबा म्हणाले.

ऑटोत बसल्यावर म्हणाले, “लोकायले चाललं. मले नाही चाललं.” पटांगण मागे पडलं असेल तेवढ्यात परत बोलले, “इथंच कळलं होतं मले, त्याचं.” तुझं नाव न घेता. ते तुला ठाऊक आहे का, मला ठाऊक नाही. तू रायपूरला कोर्टात लग्न केलंस त्या वर्षी मंडईत नथ्थू काकाच्या जावयानं बाबांना मिठाई भरवली आणि म्हणाला, बधाई हो, सून आणली. बाबा तोंडात मिठाई घेऊन उभे होते. ते लग्नाला चिडले असं तू समजतोस. आईनं पुढं एकदा विचारलं तेव्हा एवढंच बोलले होते: “लगन केलं थे ठीक. मले लोकायकून कळलं.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. “बदलून टाक.”

मला वाटलं ऐकण्यात काही चुकलं. नव्यातच तर गाणं गेलं.

“म्हूनच. जुन्यात भेव हाय. आनि त्या दुपारी जसं उतरलं तसं जुन्यात लय दिस उतरलं नाही. हरपलं ज्या जंगलात, त्याच जंगलात पाहा लागते.”

मी म्हटलं बरं. मग विचारलं, दादाचा आवाज नव्यात टाकू का? काहीच नाही त्यात, दोन बारक्या फाइली आहेत, उचलून इकडून तिकडे ठेवायच्या. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

“त्याले इच्यार,” बाबा म्हणाले.

“मशीन तर तुमची आहे.”

“मशीन माही. आवाज त्याचा. जुन्यात त्यानं सोताहून ठेवला. नव्यात त्याले याचं हाय का नाही, थे मी कोन सांगनार?”

म्हणून विचारते. तुझा आवाज नेऊ का? हो किंवा नाही, एवढं कळव. पोस्टकार्डावर कळव.

आणखी एक. मी मशीनचं सगळं मांडलं, पण खरी किंमत लिहिली नाही. ती अशी की बाबांच्या शेजारी परत कोणीतरी खुर्ची लावून बसावं लागेल, महिनोन्‌महिने, सगळी वाट बोटांत बसेपर्यंत. मागच्या वेळी तू बसलास. आता घरात मी आहे. आणि मला हंपीच्या एका हॉस्टेलातून बोलावणं आलं आहे, सीझनपुरतं, राहणं-खाणं त्यांचं. तिथं नदी गोल टोपल्यांतून पार करतात म्हणे. मी त्यांना हो म्हटलं आहे. घरी सांगितलेलं नाही.

रूपाली


२१ नोव्हेंबर

दादा,

तू कळवलं नाहीस, म्हणून मी बदललंही नाही. जुनी आहे तशी आहे. बाबा आता लिहीत नाहीत. सकाळी चहानंतर खोलीत जातात, मशीन चालू करतात, तू म्हणतोस लिहा आता. थोडा वेळ बसतात. मग बंद करतात, तू म्हणतोस जेवा आता, आणि ते उठून येतात. जेवायची वेळ झालेली नसते. आई परवा भांडी घासता घासता म्हणाली, “दोनदा बोलते पोरगं. तेवढंच आयकून येते थे.” सवत-बिवत काही म्हणाली नाही.

मी बसून बघितलं, खरंच. वेगळ्या पेनड्राइव्हवर लिनक्स अशी बसवली की लिहिलेलं टिकेल, आणि टिकतं ते बाबांसमोर बंद-चालू करून दाखवलं. रोज त्यांच्या शेजारी खुर्ची टाकली. पहिले काही दिवस गेले. मग मी एक खूण दोनदा चुकीची सांगितली, कारण खिडकीबाहेर कोणीतरी म्हैस शोधत फिरत होतं आणि मला म्हैस कुठं आहे ते दिसत होतं. बाबांनी कीबोर्डवरून हात काढले.

“रूपा, तू बसू नोको.”

“बसते ना बाबा.”

“तुहे पाय आयकू येते मले. खुर्चीखाली चालत राह्यते. माह्या बोटाईले वाटते आपल्याले बी निंगाचं हाय.” मग म्हणाले, “कोठी जाचं ठरवलं?”

त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी हंपी सांगितलं. नदीचं सांगितलं, टोपल्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टोपली बुडत नाही का ते विचारलं. “जाय,” म्हणाले. “तू राह्यली तं मी शिकन तुह्या घाईनं. घाईनं शिकलो तं शिकलो नाही.” रागावून नाही म्हणाले. बॅग मी काल भरली, रात्री उपसली, आज परत अर्धी भरून पलंगावर ठेवली आहे. हे पत्र तिच्यावरच ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर असं.

तुला लाजवण्यासाठी लिहीत नाही. मी जाणारी आहे, तू गेलेला आहेस, आपण दोघं एकाच मापाचे. फक्त मला वाटत होतं की कोणीतरी बसणारा आपल्यात तू आहेस. बाबा बोटं ठेवतात आणि वाट बघतात तेव्हा घाई न करता बसणारा. मला ते जमत नाही, आणि जमत नाही याचं वाईट वाटूनही जमत नाही. आई तर मशीनला हात लावायला भिते, म्हणते करंट

थांब. फाटकापाशी ऑटो थांबला.

परत बसले लिहायला. आई चहा ठेवतेय. बाबांनी सांगितलं म्हणून हे आताच लिहायचं आहे, पुढचं जसं झालं तसं लिहिते.

ऑटोतून एक बाई उतरली, हातात एकच पिशवी, आणि घराकडे बघत उभी राहिली. मी दारात गेले. ती म्हणाली, “तुम रूपाली हो ना. मैं दीपिका.” तुझी बायको अशी दिसते हे मला आज कळलं, दादा. उंच आहे. आवाज बसलेला होता, प्रवासानं असेल.

माझी पत्रं तिनंही उघडून वाचली. तू ती वाचून उशाखाली ठेवतोस आणि काही बोलत नाहीस, असं म्हणाली. “इतने दिन देखती रही कि आज बोलेंगे, आज बोलेंगे. फिर सोचा, बैठना ही तो है. मुझे बैठना आता है.” शाळेत लहान मुलांना अक्षरं शिकवते ना ती? रजा टाकून आली आहे.

आतून बाबांनी विचारलं, “कोन हाय वं?”

मी उत्तर देणार तेवढ्यात तीच आत गेली. चपला दारात काढल्या, बाबांच्या खुर्चीपासून थोडी लांब थांबली. “मैं दीपिका, बाबा. रायपुर से.”

आई भिंतीला टेकली. बाबांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, तिथंच राहिले. बाहेर ऑटोवाला सुट्टे मागत होता आणि कोणी त्याच्याकडे जात नव्हतं. मग बाबांनी विचारलं, “त्याले माहीत हाय का, तू इथं आली थे?”

“नहीं बाबा. वो ड्यूटी पे गए, मैं निकल आई.”

बाबा उठून उभे राहिले. हात पुढं करून त्यांनी दुसरी खुर्ची चाचपली आणि तिच्या आवाजाच्या बाजूला सरकवली. “बस,” म्हणाले. मग माझ्याकडे नाही, दाराकडे तोंड करून, “रूपा, लिव त्याले. आताच लिव. दुसऱ्या कोनाकून कळू नोको त्याले.”

वहिनीनं तुझा नवा नंबर दिला. पानाचा फोटो काढून पाठवतेय, टपालाची वाट नको. दादा, दीपिका वहिनी घरी आली आहे.